वाय-फाय राउटर घरात नेमका कुठे ठेवायचा? वाड्यापासून टॉवरपर्यंत, पुण्यातल्या भिंतींचा हिशेब

१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. हॉलमधला टीव्ही सुसाट चालतोय आणि आतल्या खोलीत व्हिडिओ कॉलवरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठलाय. हे चित्र ओळखीचं वाटत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

अशा वेळी बहुतेक घरांत दोनच उपाय होतात. एकतर कंपनीला फोन लावून भांडायचं, नाहीतर १०० चा प्लॅन वाढवून २०० चा करायचा. बऱ्याचदा दोन्हींचा काही उपयोग होत नाही. कारण नेट घरापर्यंत व्यवस्थित आलेलं असतं, ते अडतं घराच्या आत. हॉल ते बेडरूम या पंचवीस-तीस फुटांत.

आणि या पंचवीस-तीस फुटांचं काय होणार हे एकाच गोष्टीवर सगळ्यात जास्त अवलंबून असतं, ती म्हणजे राउटरची जागा.

ही जागा ठरवतं कोण?

खरं सांगायचं तर घरातलं कुणीच नाही. कनेक्शन घेतलं की एक जण ड्रिल आणि फायबरच्या वायरचं वेटोळं घेऊन येतो. जुन्या सोसायटीत ही वायर खांबावरून, झाडावरून, शेजारच्या गच्चीवरून लोंबत बाल्कनीपर्यंत येते. नव्या इमारतीत ती लिफ्टजवळच्या डक्टमधून मुख्य दाराशी निघते. वायर जिथून आत येईल तिथे, जवळच्या प्लगशेजारी बॉक्स लागतो. त्या माणसाला दिवसभरात अजून बरीच घरं करायची असतात, त्यामुळे त्यात त्याची चूक काढण्यात अर्थ नाही. 'कुठे लावू?' असं त्याने विचारलं तरी आपण म्हणतो, 'लावा तिथेच, दिसायला नको फक्त.'

मग राउटर बसतो घराच्या एका टोकाला. बाल्कनीत लावला तर निम्मा सिग्नल समोरच्या इमारतीला, दाराशी लावला तर निम्मा जिन्याला. उरलेल्या निम्म्यात अख्खं घर. आणि ज्या खोलीत दहावीची पोरगी ऑनलाइन क्लास करते, किंवा ज्या खोलीतून कुणीतरी ऑफिसचं काम करतं, ती खोली नेमकी दुसऱ्या टोकाला असते.

सिग्नल कमी होतो म्हणजे नक्की काय होतं?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. त्या दोन कारणांनी दमतात. पहिलं कारण अंतर आणि दुसरं मधल्या भिंती.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात. हे आकडे उणे असतात, त्यामुळे उणे ४० हा उणे ८० पेक्षा चांगला. तीन नियम लक्षात ठेवले की पुरे. ३ डेसिबल कमी झाले म्हणजे ताकद निम्मी झाली. १० कमी झाले म्हणजे एक दशांश उरली. २० कमी झाले म्हणजे एक शतांश. ढोबळमानाने उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७० च्या पुढे कुरकुर सुरू होते आणि उणे ८० ला फोनवर वाय-फायची खूण दिसते पण काम काही होत नाही.

अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत साधारण ६ डेसिबल जातात. भिंतींचं ढोबळ गणित असं: लाकडी दाराला ३-४, चार इंची विटेच्या भिंतीला ६ च्या आसपास, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीला १५ आणि कधीकधी त्याहून बरेच जास्त.

आता एक हिशेब मांडू. राउटरपासून एक मीटरवर फोनमध्ये उणे ३५ दिसतंय असं धरा. तुमची खुर्ची आहे आठ मीटरवर. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं. १८ गेले, उरले उणे ५३. मध्ये विटेच्या दोन भिंती असतील तर अजून १२ जातील आणि उणे ६५ उरतील. कॉल चालेल. पण त्याच दोन भिंती काँक्रीटच्या असतील तर ३० जातील, म्हणजे उणे ८३. घर तेवढंच, राउटर तोच, प्लॅन तोच, आणि कॉल बंद.

आता राउटर चार मीटर आत सरकवा, एवढा की मध्ये एकच काँक्रीटची भिंत उरेल. अंतराचे १२, भिंतीचे १५. उणे ६२. कॉल परत चालू. फक्त जागा बदलल्याने फोनपर्यंत पोचणारी ताकद शंभरपटीहून जास्त वाढली. १०० चा प्लॅन २०० चा करून हे कधीच झालं नसतं.

म्हणून जागा शोधताना 'घराचा मध्य कुठे?' एवढंच विचारू नका. तुम्ही जिथे बसून महत्त्वाचं काम करता तिथून राउटरपर्यंत मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढा आणि तिच्यात किती भिंती येतात आणि कोणत्या, ते मोजा. रेघ भिंतीतून तिरकी जात असेल तर भिंत आणखी जाड होते. चार इंची भिंत ३० अंशाच्या तिरक्या कोनातून ओलांडली तर लहरीसाठी ती आठ इंची असते.

तुमची भिंत कशाची आहे?

पुण्यात एकाच शहरात चार-पाच तऱ्हेची घरं आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. आपली भिंत कशाची हे कळत नसेल तर पुढच्या वेळी फोटो टांगायला ड्रिल माराल तेव्हा खाली पडलेला भुसा बघा. प्लास्टरचा थर ओलांडल्यावर लाल भुसा आला तर वीट. पांढुरका, हलका आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर हलक्या एएसी ब्लॉकची भिंत. करडी पूड आली आणि साधं ड्रिल नुसतंच घुरघुरलं तर काँक्रीट.

पेठांमधला वाडा: कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण पेठेत जे वाडे उरलेत त्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. खाली दगडी जोतं, वर वीट आणि माती किंवा चुना. अशा भिंतीतून सिग्नल आरपार पाठवायचा नाद सोडा. पण वाड्याकडे एक गोष्ट आहे जी फ्लॅटकडे नाही, ती म्हणजे चौक. मोकळी हवा लहरींना जवळजवळ अडवत नाही आणि बहुतेक खोल्यांची दारं-खिडक्या चौकाकडेच उघडतात. त्यामुळे चौकाकडे तोंड असलेल्या खोलीत, खिडकीच्या किंवा दाराच्या उंचीला राउटर ठेवला तर सिग्नल चौक ओलांडून समोरच्या खोलीत शिरतो. लाकडी तक्तपोशी काँक्रीटच्या स्लॅबइतकी अडवत नाही, त्यामुळे वरच्या मजल्यालाही थोडाफार मिळतो.

जुना बंगला: प्रभात रोड, डेक्कन जिमखाना, सहकारनगर भागातल्या जुन्या बंगल्यांत सगळा भार भिंतींवर असतो, त्यामुळे आतल्या भिंतीही नऊ इंची किंवा जास्त, काही ठिकाणी दगडी. इथला राजमार्ग म्हणजे जिना. स्लॅबला जिन्याच्या जागी मोठं भोक असतं आणि सिग्नल तिथूनच वर चढतो. राउटर जिन्यालगत, खालच्या मजल्याच्या छताजवळ किंवा जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवला तर दोन्ही मजल्यांना न्याय मिळतो. रो-हाउसलाही हेच लागू.

१९८० ते २००५ च्या काळातला फ्लॅट: कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी, सिंहगड रोड. काँक्रीटचे खांब आणि तुळया, मधल्या भिंती बहुधा चार इंची विटेच्या. हे घर वाय-फायसाठी बरंच सोपं. हॉलमधून बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीच्या उंचीवर राउटर लावला की साधारण टू बीएचके एका राउटरमध्ये भागतं. फक्त काँक्रीटच्या खांबाला चिकटवू नका आणि बाथरूम मध्ये येऊ देऊ नका. बाथरूम म्हणजे फरशा, पाइप आणि ओल, तिन्ही एकत्र.

नवे टॉवर: हिंजवडी, वाकड, बालेवाडी, खराडीकडच्या बऱ्याच नव्या इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या असतात. बिल्डरच्या भाषेत 'मायवान'. यात आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि आत सळ्यांची जाळी. घर मजबूत, काम झटपट, पण वाय-फायच्या दृष्टीने सगळ्यात अवघड. इथे थ्री बीएचके एका राउटरवर चालवायची अपेक्षाच ठेवू नका. उपाय वायरचा आहे, तो पुढे येतोच.

जाळीचा मुद्दा, आणि खोडदचे अँटेना

धातू रेडिओ लहरींना परतवतो हे आपण ऐकलेलं असतं. पण भोकं असलेली जाळीसुद्धा? याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाचे ३० प्रचंड अँटेना. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक स्टीलच्या तारेच्या जाळीच्या आहेत. त्यातली भोकं साधारण १ ते २ सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, त्यामुळे ढाचा हलका ठेवता येतो. पण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र आरशावर आदळल्यासारख्या परततात, कारण त्या लहरींची लांबी भोकांपेक्षा कितीतरी जास्त असते.

आता घरात या. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची साडेपाच-सहा. तुमच्या खिडकीला डासांसाठी लावलेल्या स्टीलच्या जाळीची भोकं असतात मिलिमीटरभर. वाय-फायसाठी ती जाळी म्हणजे जवळजवळ पत्राच. म्हणून बाल्कनीत नेट येत नसेल तर आधी बघा, सरकत्या दाराची जाळी स्टीलची आहे की नायलॉनची. नायलॉनच्या जाळीचा काही त्रास नाही.

भिंतीतल्या सळ्यांमधलं अंतर सहसा पंधरा-वीस सेंटिमीटर, म्हणजे लहरीपेक्षा जास्त. त्यामुळे सळ्या पूर्ण अडवत नाहीत, पण विस्कटतात. बाकीचं काम काँक्रीट आणि त्यातली ओल करते.

हाच नियम लोखंडी कपाट, फ्रिज, मॉड्युलर किचनच्या स्टील ट्रॉल्या आणि भिंतभर आरसा यांनाही लागू. आरशाच्या मागे धातूचा पातळ थर असतोच. पाणी लहरी शोषून घेतं, म्हणून फिश टँक आणि माळ्यावरची पाण्याची टाकीही याच यादीत.

राउटरची नेहमीची पाच वाईट ठिकाणं

१. टीव्हीच्या मागे. दिसत नाही म्हणून सगळ्यांची आवडती जागा. टीव्हीच्या आत धातूची मोठी चौकट असते आणि ती राउटरच्या एका बाजूला पडदा धरते.

२. माळ्यावर, बॅगा आणि दिवाळीच्या डब्यांच्या मागे. भांडी, पत्र्याच्या ट्रंका आणि वर काँक्रीटचा स्लॅब.

३. बंद कपाटात किंवा शू-रॅकमध्ये. सिग्नलपेक्षा इथे प्रश्न उष्णतेचा आहे. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीला टेकतो, मग बंद कप्प्यात काय होत असेल? दुपारी नेट अडखळतं आणि रात्री सुधारतं असं होत असेल तर हे एकदा तपासाच.

४. स्वयंपाकघरात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वाय-फायच्याच पट्ट्यात. दूध गरम होईपर्यंत नेट मंद होणं हा योगायोग नसतो.

५. जमिनीवर किंवा सोफ्याच्या मागे. सिग्नल फर्निचरमध्ये आणि फरशीत जिरतो.

चांगली उंची म्हणजे चार ते सात फूट. उभ्या माणसाच्या छातीपासून दाराच्या चौकटीपर्यंत, आणि समोर शक्य तेवढं मोकळं.

अँटेना वर की आडवे?

अँटेनाच्या टोकातून सिग्नल बाणासारखा निघतो असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते अँटेना बेडरूमकडे रोखून ठेवतात. प्रत्यक्षात उलटं होतं. मेदूवडा डोळ्यांसमोर आणा. वड्याच्या भोकातून अँटेना उभा घातलाय असं समजा. सिग्नल त्या वड्यासारखा आजूबाजूला पसरतो आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातो. म्हणून एका मजल्याच्या घरात अँटेना सरळ उभे ठेवा. वरच्या मजल्यालाही सिग्नल हवा असेल तर एक अँटेना आडवा करा, म्हणजे त्याचा वडा उभा होतो. अँटेना आतच असलेल्या राउटरला हा प्रश्न नाही, पण तो कंपनीने ज्या अंगाने उभा करायला सांगितलाय तसाच ठेवा.

२.४ की ५?

राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी '५जी' असं काहीतरी लिहिलेलं. याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते आहे ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा हिस्सा २०१८ मध्ये. पुण्यातल्या एखाद्या दाट सोसायटीत फोनवर वाय-फायची यादी उघडली की वीस-तीस नावं दिसतात. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल फक्त तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे तीन लेन आणि वीस-तीस गाड्या. ५ मध्ये लेन भरपूर, वेग जास्त, पण भिंतीसमोर तो लवकर नांगी टाकतो.

सोपा नियम: राउटर असलेल्या खोलीत आणि एका भिंतीपलीकडे ५ वापरा. त्याहून लांब असेल तर २.४. दोन्हींची नावं वेगळी ठेवली तर कोण कुठे जोडलंय हे तुमच्या हातात राहतं.

आधी मोजा, मग भिंतीला हात लावा

जागा बदलण्याआधी अर्ध्या तासाची एक परीक्षा घ्या. कागदावर घराचा वेडावाकडा नकाशा काढा आणि पाच-सहा जागांवर फुल्या मारा. त्यात आजी-आजोबांची खोली आणि काम करायची खुर्ची धरायला विसरू नका. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप डीबीएम दाखवतं. आयफोनवर अ‍ॅपलचंच 'एअरपोर्ट युटिलिटी' आहे, त्यातला स्कॅनर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. प्रत्येक फुलीवर डीबीएम आणि स्पीड दोन्ही लिहा. रात्री नऊ-साडेनऊला करा, तेव्हाच शेजारीपाजारी सगळे ऑनलाइन असतात.

पहिली टेस्ट राउटरपासून तीन-चार फुटांवर, ५ गिगाहर्ट्झवर घ्या. १०० च्या प्लॅनला तिथे ९० च्या आसपास येत असतील आणि बेडरूममध्ये १०, तर कंपनी निर्दोष, जागा दोषी. राउटरजवळच २० येत असतील तर आधी लॅन केबलने लॅपटॉप थेट जोडून पाहा. तिथेही २० च असतील तर राउटर कुठेही हलवा, फरक पडणार नाही. मग मात्र तक्रार करा.

हेही लक्षात घ्या की गरज वाटते तेवढी मोठी नसते. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-के ला १५ ते २५. बेडरूममध्ये स्थिर २० मिळाले तर कॉल, क्लास आणि सिनेमा तिन्ही होतात. कमी पडतो तो सहसा स्थिरपणा, आणि तो प्लॅनमधून विकत मिळत नाही.

अंतर वायरला कापू द्या

आता मुख्य उपाय. फायबरच्या वायरीत एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा सिग्नल अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी उतरतो. एका लाकडी दाराला ३-४ आणि काँक्रीटच्या भिंतीला १५ जातात हे आपण वर पाहिलं. म्हणजे मैलभर वायर परवडली पण बेडरूमचं दार नाही. साधी तांब्याची लॅन केबलही १०० मीटरपर्यंत तोच वेग पोचवते. मग भिंतीशी भांडायचं काम लहरीला कशाला द्यायचं? ते वायरला द्या आणि शेवटचे चार-पाच मीटर तेवढे लहरीला ठेवा.

यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला, बॉक्सच आत हलवायचा. कंपनीच्या माणसाकडून दहा-पंधरा मीटरची फायबर टाकून घेऊन बॉक्स पॅसेजमध्ये आणायचा. फायबरला लांबीचा त्रास नाही, तीव्र वळणाचा आहे. ती दाराच्या फटीत चिमटू देऊ नका, बोटाभोवती गुंडाळल्यासारखी घट्ट वळवू नका आणि स्वतः कापू-जोडू नका.

दुसरा, बॉक्स तिथेच ठेवून त्यातून कॅट-६ लॅन केबल आतल्या खोलीत न्यायची आणि तिथे दुसरा राउटर लावायचा. माळ्यावर पडलेला जुना राउटरही चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोड निवडायचा. तो नसेल तर जुन्या राउटरला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्यायचा, त्यातलं डीएचसीपी बंद करायचं आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला लावायची. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या घरांसाठी हाच खात्रीचा उपाय आहे.

भिंत फोडायची गरज बहुतेकदा पडत नाही. जुन्या फ्लॅटमध्ये लँडलाइनचा पॉइंट प्रत्येक खोलीत असायचा. फोन गेला, पण भिंतीतला तो पाइप अजून आहे. इलेक्ट्रिशियनला सांगून त्याच पाइपातून लॅन केबल ओढता येते. भाड्याच्या घरात चपटी लॅन केबल स्कर्टिंगच्या कडेने चिकटवा. घर सोडताना निघते आणि डिपॉझिटवरून वाद होत नाही.

वायरलेस रिपीटर हा शेवटचा पर्याय ठेवा. तो सिग्नल तयार करत नाही, मिळालेला पुढे ढकलतो, आणि साध्या रिपीटरमध्ये वेग निम्म्यावर येतो. घ्यायचाच असेल तर जिथे नेट येत नाही त्या खोलीत लावू नका. जिथपर्यंत ते बरं येतं तिथे, अर्ध्या वाटेवर लावा. मेश संचाच्या डब्यांनाही हेच लागू, आणि तेही मधून वायरने जोडले तर उत्तम.

आणि टीव्ही? तो जागचा हलत नाही. त्याला लॅन केबल लावून टाका. वायरलेसची जागा हलणाऱ्यांसाठी मोकळी ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेडरूममध्ये राउटर चालतो का? घरगुती राउटरची रेडिओ ताकद साधारण ०.१ वॉटच्या आसपास असते आणि अंतराने ती झपाट्याने घटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मधल्या माहितीपत्रकात म्हटलंय की वायरलेस नेटवर्कच्या अशा क्षीण सिग्नलमुळे आरोग्याला अपाय होतो असा पटण्याजोगा वैज्ञानिक पुरावा नाही. तिच्याच कर्करोगविषयक संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलं. पुरावा मर्यादित असताना वापरला जाणारा हा गट आहे. मनाला बरं वाटत नसेल तर उशाशी ठेवू नका, पॅसेजमध्ये ठेवा. तशीही तीच जागा चांगली.

राउटरच्या मागे अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलं तर? एका बाजूचा सिग्नल दुसरीकडे वळतो. घराच्या कडेला बसलेल्या राउटरला थोडा फायदा होऊ शकतो, पण एकूण सिग्नल वाढत नाही.

वास्तूप्रमाणे आग्नेयेला ठेवू का? लहरींना आग्नेय आणि ईशान्य कळत नाही. मध्ये किती भिंती आहेत तेवढं मात्र बरोबर कळतं.

लाइट गेल्यावर काय? देखभालीसाठी वीज बंद असली तरी फायबरवरचं नेट अनेकदा चालू असतं, बंद पडतो तो फक्त तुमचा राउटर. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्याला काही तास जागं ठेवतो. जागा ठरवताना तिथे प्लग आणि हा छोटा डबा, दोन्हींची सोय बघा. बॉक्स आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागेल.

नवं घर घेताय, किंवा नवं कनेक्शन?

घरासाठी: ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम आणलेत. म्हणजे पार्किंग आणि पाण्याइतकाच हा प्रश्न बिल्डरला विचारण्याजोगा झालाय: 'डक्टपासून घरात आणि प्रत्येक खोलीत लॅनसाठी पाइप आहे का? आतल्या भिंती कशाच्या?' रंगकाम होण्याआधी विचारलं तर काम सोपं असतं, नंतर ते खर्चाचं होतं.

कनेक्शनसाठी: माणूस येण्याच्या आदल्या रात्री नकाशा काढून जागा ठरवून ठेवा. तिथे प्लग आहे ना ते बघा. तो आला की चहा विचारा आणि ड्रिल सुरू व्हायच्या आधी सांगा, 'दादा, बॉक्स दाराशी नको, पॅसेजमध्ये त्या चौकटीच्या वर हवाय. वायर जास्त लागली तर तिचे पैसे देतो.' जास्तीच्या वायरीचा खर्च एकदाच होतो. चुकीच्या जागेपायी वाढवलेल्या प्लॅनचं बिल दर महिन्याला येतं.